महाविद्यालयीन डेस्कटॉप संगणकांची स्मृतिवृद्धी : क्षमता, जोडणी व वेग यांचा विचार
(नागपुरातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

सारांश :

महाविद्यालयातील जुने डेस्कटॉप संगणक मंद झाले की ‘रॅम वाढवावी’ असा ठराव सहज मंजूर होतो. परंतु किती क्षमतेची, किती मॉड्यूलमध्ये विभागलेली, कोणत्या पिढीची व किती वेगाची रॅम घ्यावी, याचा निर्णय बहुधा पुरवठादारावर सोपविला जातो. परिणामी कधी न बसणारी, कधी बसूनही उपयोगी न पडणारी रॅम खरेदी होते. प्रस्तुत लेखात संगणकाच्या स्मृतीचे कार्य स्पष्ट करून स्मृतिवृद्धीचा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा, याचे विवेचन केले आहे. गरजेचे मोजमाप आधी, मदरबोर्डची मर्यादा त्यानंतर, मग क्षमता, मग जोडणी व सर्वांत शेवटी वेग, हा तो क्रम होय.

बीजसंज्ञा : रॅम, मॉड्यूल, ड्युअल चॅनेल, मदरबोर्ड, संगणक प्रयोगशाळा, खरेदी प्रक्रिया

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या दैनंदिन कामकाजात संगणकाचा वापर आता संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित राहिलेला नाही. प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, अंतर्गत गुणांची नोंद, ग्रंथालयातील देवघेव, लेखा विभागाचे हिशेब आणि मूल्यांकनासाठी लागणारी माहिती ही सर्व कामे संगणकावरच होतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमांची रचना बदलल्यानंतर कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचाही प्रयोगशाळेतील वावर वाढला आहे. संगणकांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. अनेक ठिकाणी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले संच आजही वापरात आहेत.

या संचांपुढे एक नवी अडचण उभी राहिली. विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व मान्यताप्राप्त प्रोसेसर या अटी आहेत. इंटेलच्या बाबतीत ही मान्यता साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. याचा अर्थ असा की, काही संगणक केवळ रॅम वाढवून आणखी काही वर्षे उत्तम चालू शकतात, तर काहींवर रॅमसाठी केलेला खर्च त्यांना विंडोज ११ च्या अटींत बसवू शकत नाही. हा भेद खरेदीपूर्वी ओळखता येणे आवश्यक आहे. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती केंद्रांकडून स्मृतिचिपांची मागणी वाढल्याने रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मायक्रॉन या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. पूर्वी किरकोळ वाटणारी ही खरेदी आता विचारपूर्वक करावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

१. रॅमचे कार्य :

रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती कार्यस्मृती होय. ग्रंथालयाच्या उदाहरणावरून तिचे कार्य समजण्यास सोपे जाते. ग्रंथ कपाटात असतात; परंतु अभ्यासकाला वाचनासाठी ते टेबलावर आणावे लागतात. कपाट म्हणजे हार्ड डिस्क आणि टेबल म्हणजे रॅम. टेबल लहान असेल तर नवे पुस्तक घेण्यासाठी आधीचे पुस्तक कपाटात ठेवून यावे लागते व अभ्यासकाचा बराचसा वेळ ये-जा करण्यातच खर्च होतो.

संगणकातही नेमके हेच घडते. रॅम अपुरी पडू लागली की कार्यप्रणाली तिच्यातील काही मजकूर डिस्कवर हलविते व गरज पडल्यावर पुन्हा रॅममध्ये आणते. रॅममधील माहिती मिळण्यास साधारणपणे शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला मात्र सरासरी अर्धा फेरा फिरण्यासच सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात; शीर्ष योग्य जागी नेण्याचा वेळ धरल्यास हा कालावधी दहा मिलिसेकंदांच्या पुढे जातो. म्हणजेच दोहोंत सुमारे एक लाख पटीचा फरक आहे. रॅम अपुरी असलेला संगणक थोडा मंद न होता एकाएकी थबकल्यासारखा का वाटतो, याचे कारण या फरकात आहे.

यातून दुसरीही गोष्ट निष्पन्न होते. टेबलावर जागा शिल्लक असताना टेबल आणखी मोठे केल्याने वाचनाचा वेग वाढत नाही. त्याचप्रमाणे रॅम पुरेशी असेल तर तिच्यात भर घातल्याने संगणक जलद होत नाही. म्हणून ‘रॅम अपुरी आहे काय?’ हा पहिला प्रश्न ठरतो.

२. गरजेचे मोजमाप :

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची आवश्यकता नाही. विंडोजमधील टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरीचा तपशील दिलेला असतो. एकूण रॅम, वापरात असलेली रॅम, तिचा वेग, तसेच किती स्लॉटपैकी किती भरलेले आहेत, हे सर्व तेथे एकत्र दिसते. लिनक्सवर ‘फ्री’ ही आज्ञा वापर दाखविते, तर ‘डीएमआयडिकोड’ ही आज्ञा प्रत्येक स्लॉटमधील मॉड्यूलची माहिती देते.

मोजमाप मात्र रिकाम्या संगणकावर करू नये. प्रात्यक्षिकाची तासिका ऐन भरात असताना, अथवा कार्यालयात प्रवेशाचे काम चालू असताना, म्हणजेच सर्वाधिक ताणाच्या वेळी ते करावे. त्यातून पुढील तीन स्थिती संभवतात.

पहिल्या स्थितीत रॅमचा वापर ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांच्या वर असतो, ‘कमिटेड’ हा आकडा प्रत्यक्ष रॅमच्या जवळ किंवा तिच्यापलीकडे गेलेला असतो व रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘हार्ड फॉल्ट’ची संख्या सतत वाढती दिसते. येथे रॅम खरोखर अपुरी आहे. दुसऱ्या स्थितीत रॅमचा वापर निम्म्याच्या आसपास असतो, परंतु डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसते. येथे दोष फिरत्या हार्ड डिस्कचा असून त्यावर एसएसडी हाच उपाय आहे. तिसऱ्या स्थितीत रॅम व डिस्क दोन्ही मोकळ्या असून प्रोसेसर व्यस्त असतो. तेथे रॅम अथवा एसएसडी यांपैकी कशाचाही विशेष लाभ होत नाही.

जुन्या संचांत पहिल्या दोन स्थिती पुष्कळदा एकत्र आढळतात. अशा वेळी सर्व रक्कम रॅमवर खर्च न करता थोडी रॅम व एक लहान एसएसडी असा विभागलेला खर्च अधिक फलदायी ठरतो.

कार्यप्रणाली ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हेही याच टप्प्यावर पाहावे. ३२ बिटच्या पत्त्याने २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट एवढीच स्मृती दर्शविता येते. यालाच ४ जीबीची मर्यादा म्हणतात. त्यातीलही काही पत्ते अन्य उपकरणांसाठी राखीव असल्याने ३२ बिटच्या विंडोजला प्रत्यक्षात सव्वातीन ते साडेतीन जीबीच वापरता येते. अशा संगणकात ८ जीबी रॅम बसविली तरी वाढीव भाग निरुपयोगी राहतो. तेथे रॅमसोबत ६४ बिटची कार्यप्रणालीही घालावी लागते.

३. मदरबोर्डच्या मर्यादा :

गरज निश्चित झाल्यावर संगणक काय स्वीकारू शकतो, हे पाहावे लागते. रॅमच्या पिढ्या परस्परांत बदलता येत नाहीत. डीडीआर३ मॉड्यूलला २४० संपर्कबिंदू असून त्याला १.५ व्होल्ट विद्युतदाब लागतो; डीडीआर३एल या प्रकाराला १.३५ व्होल्ट पुरतात. डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंना २८८ संपर्कबिंदू आहेत; परंतु त्यांचा विद्युतदाब अनुक्रमे १.२ व १.१ व्होल्ट असून मधली खाच वेगळ्या जागी आहे. खाच न जुळणारे मॉड्यूल जोर देऊन बसविण्याचा प्रयत्न केल्यास स्लॉटच निकामी होतो.

प्रत्येक मदरबोर्डला स्लॉटची संख्या व कमाल क्षमता ठरलेली असते. महाविद्यालयांत मोठ्या प्रमाणावर आढळणारे एच६१ व एच८१ या चिपसेटचे बोर्ड दोन स्लॉटचे असून त्यांची कमाल मर्यादा १६ जीबी आहे. एच११० या चिपसेटवर डीडीआर४ रॅम ३२ जीबीपर्यंत चालते. लहान आकाराच्या डेस्कटॉपमध्ये व ऑल-इन-वन संचांत पुष्कळदा लॅपटॉपसारखे आखूड मॉड्यूल लागते. त्यामुळे ‘डेस्कटॉपची रॅम’ एवढाच उल्लेख मागणीपत्रात करणे धोक्याचे आहे. कॅबिनेट उघडून मदरबोर्डचा छापील क्रमांक टिपून घ्यावा व निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावा. विशेषतः असेंबल केलेल्या संगणकांत एकाच खरेदीतील संचांचे बोर्डही दुरुस्तीनंतर वेगवेगळे झालेले असतात.

स्वस्त मिळणाऱ्या दोन प्रकारांबाबत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. डीडीआर३ मध्ये ‘केवळ एएमडीसाठी’ असे म्हणून विकली जाणारी ८ जीबीची मॉड्यूल इंटेलच्या डेस्कटॉपवर चालत नाहीत. कारण त्यांतील चिपांची अंतर्गत मांडणी निराळी असते. तसेच सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ प्रकारची मॉड्यूल दिसायला सारखी असली तरी सामान्य डेस्कटॉप त्यांचा स्वीकार करीत नाही. किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी असेल तर मॉड्यूल या दोहोंपैकी तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

४. क्षमता : किती रॅम पुरेशी?

क्षमता ही कामावरून ठरते, संगणकाच्या वयावरून नव्हे. केवळ टंकलेखन, ई-मेल व एखादे संकेतस्थळ एवढेच काम असेल तर ६४ बिटच्या कार्यप्रणालीवर ४ जीबी कशीबशी पुरते. परंतु आजचे ब्राउझर प्रत्येक टॅबसाठी स्वतंत्र स्मृती वापरतात. पाच-सहा टॅब, एक स्प्रेडशीट व एक ऑनलाइन बैठक एकत्र आली की ४ जीबीचा संगणक डिस्कचा आधार घेऊ लागतो. म्हणून कार्यालय, ग्रंथालय व भाषा विभाग यांच्यासाठी ८ जीबी ही आजची वाजवी किमान क्षमता मानावी.

प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांत सी, पायथन अथवा एसक्यूएल यांसाठी ८ जीबी सहसा पुरते. अँड्रॉइड स्टुडिओच्या बाबतीत मात्र ८ जीबी ही केवळ त्या सॉफ्टवेअरसाठीची किमान अट असून संगणकावरच आभासी मोबाइल चालवायचा असल्यास १६ जीबी अपेक्षित आहे. एका संगणकात दुसरी आभासी कार्यप्रणाली चालवून नेटवर्किंगचे प्रात्यक्षिक घ्यावयाचे असेल तेव्हाही १६ जीबीचा विचार करावा लागतो. सामान्य महाविद्यालयीन कामासाठी ३२ जीबीची गरज क्वचितच भासते.

स्वतंत्र ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकात पडद्यावरील चित्रासाठी लागणारी स्मृतीही याच रॅममधून घेतली जाते. प्रयोगशाळांतील बहुतेक संच याच प्रकारचे असल्याने हिशेब करताना थोडी क्षमता शिल्लक धरावी.

५. एक की दोन मॉड्यूल? जोडणीचा प्रश्न :

क्षमता ठरल्यावर ती एका मॉड्यूलमध्ये घ्यावी की दोन मॉड्यूलमध्ये विभागावी, हा प्रश्न येतो. डीडीआर४ पर्यंतच्या मॉड्यूलची माहितीवाहिनी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद असते. डीडीआर३-१६०० चे एक मॉड्यूल सेकंदाला १,६०० दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण करते; म्हणजे त्याची कमाल वहनक्षमता ८ × १६०० = १२,८०० मेगाबाइट, अर्थात १२.८ जीबी प्रतिसेकंद होते. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना स्मृतीकडे जाणारे असे दोन मार्ग असतात. दोन्ही मार्गांवर एकेक मॉड्यूल बसविल्यास वहनक्षमता दुप्पट, म्हणजे २५.६ जीबी होते. यालाच ड्युअल चॅनेल असे म्हणतात.

दुप्पट वहनक्षमता म्हणजे दुप्पट वेगाचा संगणक असे मात्र नाही. टंकलेखन वा हिशेबाच्या कामात हा फरक सहसा जाणवत नाही. मदरबोर्डवरील ग्राफिक वापरून व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आरेखन अथवा मोठ्या चित्रांवर काम केले जाते तेव्हा तो स्पष्ट दिसतो. कारण तेथे प्रोसेसर व ग्राफिक दोघेही एकाच स्मृतीवर अवलंबून असतात.

दोन्ही मॉड्यूल समान क्षमतेची असणे उत्तम. परंतु असमान मॉड्यूल चालतच नाहीत, हा समज खरा नाही. ४ जीबी व ८ जीबी अशी मॉड्यूल दोन मार्गांवर बसविल्यास इंटेलचे संगणक दोहोंतील ४-४ जीबी, म्हणजे एकूण ८ जीबी भाग ड्युअल चॅनेलमध्ये व उरलेला ४ जीबी एकेरी मार्गाने वापरतात. थोडक्यात, असमान जोडीतही बराचसा लाभ टिकून राहतो.

चार स्लॉटच्या बोर्डवर दोन मॉड्यूल कोठे बसवावीत, यालाही महत्त्व आहे. दोन शेजारच्या स्लॉटमध्ये ती बसविल्यास दोन्ही एकाच मार्गावर येऊ शकतात व ड्युअल चॅनेल सुरूच होत नाही. बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून मोजता दुसरा व चौथा हे स्लॉट दोन मॉड्यूलसाठी योग्य असतात. अंतिम निर्णय माहितीपुस्तिका पाहूनच करावा.

भविष्याचा विचारही येथेच करावयाचा असतो. दोन स्लॉटच्या बोर्डवर ८ जीबीसाठी ४ जीबीची दोन मॉड्यूल घेतल्यास ड्युअल चॅनेल मिळते, परंतु पुढे १६ जीबी करताना दोन्ही काढावी लागतात. ८ जीबीचे एकच मॉड्यूल घेतल्यास आज वहनक्षमता निम्मी राहते, परंतु उद्या आणखी एक घालून १६ जीबी होते. संगणक पुढील दोन-तीन वर्षांत वाढीव कामासाठी वापरला जाण्याची शक्यता असेल तर दुसरा पर्याय, व तो शेवटच्या टप्प्यात असेल तर पहिला पर्याय अधिक योग्य होय.

६. वेग व विलंब :

दरपत्रकांत सर्वाधिक ठळकपणे छापला जाणारा आकडा वेगाचा असतो. निर्णयात मात्र त्याचे स्थान शेवटचे आहे. रॅम कितीही वेगवान असली तरी प्रोसेसर व मदरबोर्ड यांनी मान्य केलेल्या वेगानेच ती चालते. इंटेलच्या आठव्या पिढीतील कोअर आय३ प्रोसेसरची अधिकृत मर्यादा डीडीआर४-२४०० आहे, तर त्याच पिढीतील आय५ ची २६६६. तेथे ३२०० वेगाचे मॉड्यूल बसविल्यास ते खालच्या वेगाने चालते. दोन वेगवेगळ्या वेगांची मॉड्यूल एकत्र आल्यास दोन्ही मंद मॉड्यूलच्या वेगाने चालतात. त्यामुळे ३२०० चे मॉड्यूल २४०० च्याच किमतीत मिळत असेल तर घेण्यास हरकत नाही; त्यासाठी अधिक रक्कम मोजण्याचे मात्र कारण नाही.

‘सीएल’ या अक्षरांपुढील आकडा विलंबाचा असून तो वेगासोबतच वाचावा लागतो. डीडीआर४-२४०० व सीएल १७ या मॉड्यूलचे घड्याळ १,२०० मेगाहर्ट्झवर चालते. १७ भागिले १.२ केल्यास विलंब सुमारे १४.२ नॅनोसेकंद येतो. डीडीआर४-३२०० व सीएल २२ यांत २२ भागिले १.६, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. आकडा १७ वरून २२ वर गेला तरी प्रत्यक्ष विलंब वाढला नाही, किंचित कमीच झाला. केवळ सीएलचा आकडा पाहून मॉड्यूल नाकारणे अथवा स्वीकारणे चुकीचे आहे, हे यावरून ध्यानात येते.

७. दोन उदाहरणे :

वरील तत्त्वे प्रत्यक्षात कशी लागू होतात, हे दोन काल्पनिक परंतु नेहमीच्या परिस्थितींवरून पाहता येईल.

पहिले उदाहरण असे : प्रयोगशाळेत चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचे २० संगणक असून प्रत्येकात एच८१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ चे एक मॉड्यूल, एक रिकामा स्लॉट व फिरती हार्ड डिस्क आहे. हे संच विंडोज ११ साठी मान्यताप्राप्त नाहीत व ती उणीव रॅमने भरून निघत नाही. येथे १६ जीबीचा आग्रह धरणे म्हणजे मावळत्या पिढीवर खर्च करणे होय. प्रत्येकी ४ जीबीचे एक जुळते मॉड्यूल व एक लहान एसएसडी घेतल्यास ८ जीबी क्षमता व ड्युअल चॅनेल दोन्ही मिळतात. त्यावर लिनक्स बसवून प्रोग्रॅमिंगची मूलभूत प्रात्यक्षिके व मराठी युनिकोड टंकलेखन सुरळीत घेता येते. विंडोज १० च ठेवणे अपरिहार्य असल्यास मायक्रोसॉफ्टने शैक्षणिक संस्थांसाठी सवलतीच्या दरात देऊ केलेले वाढीव सुरक्षा साहाय्य विचारात घ्यावे. ते कमाल तीन वर्षांचे आहे.

दुसरे उदाहरण असे : आठव्या पिढीच्या २० संगणकांत एच३१० बोर्ड असून दोन्ही स्लॉटमध्ये प्रत्येकी ४ जीबी डीडीआर४, म्हणजे एकूण ८ जीबी आहे. मोबाइल अॅपच्या प्रात्यक्षिकासाठी रॅम वाढवावयाची आहे आणि रक्कम ८ जीबीच्या २० मॉड्यूलपुरतीच आहे. येथे दोन मार्ग संभवतात. एक, दहा संगणकांत ८-८ जीबी बसवून ते १६ जीबीचे करणे व उरलेले दहा तसेच ठेवणे. दुसरा, वीसही संगणकांत एक ४ जीबी काढून त्या जागी ८ जीबी बसविणे. त्यामुळे प्रत्येक संगणक १२ जीबीचा होतो व त्यातील ८ जीबी भाग ड्युअल चॅनेलमध्ये राहतो.

रक्कम दोन्हींत सारखीच आहे. विद्यार्थ्यांच्या तुकड्या दहा-दहांच्या करता येत असतील तर पहिला मार्ग श्रेयस्कर. कारण आभासी मोबाइलसाठी अपेक्षित १६ जीबी त्यातच मिळतात. वीस विद्यार्थ्यांची तुकडी एकाच वेळी बसत असेल तर दुसरा मार्ग घेऊन आभासी मोबाइलऐवजी प्रत्यक्ष मोबाइल संच केबलने जोडून प्रात्यक्षिक घेणे व्यवहार्य ठरते. दोन्ही मार्गांत ४ जीबीची २० मॉड्यूल शिल्लक राहतात. कार्यालयात वा ग्रंथालयात डीडीआर४ चे रिकामे स्लॉट असल्यास ती तेथे वापरता येतात. निर्णय तांत्रिक दिसत असला तरी तो वेळापत्रकाशी जोडलेला आहे. म्हणूनच तो पुरवठादाराने नव्हे, तर विभागाने घ्यावयाचा असतो.

८. खरेदी प्रक्रियेतील दक्षता :

खरेदी सीताबर्डीच्या बाजारातून दरपत्रके मागवून होवो अथवा जेम या शासकीय संकेतस्थळावरून होवो, मागणीपत्रातील वर्णन नेमके नसेल तर तुलनात्मक तक्त्याला अर्थ उरत नाही. ‘रॅम ८ जीबी, नग २०’ या नोंदीखाली तीन पुरवठादार तीन वेगळ्या वस्तूंचे दर देऊ शकतात व सर्वांत कमी दराची वस्तू न चालणारी निघू शकते. वर्णनात पिढी, मॉड्यूलचा आकार, प्रत्येक मॉड्यूलची क्षमता, किमान वेग, विद्युतदाब, ‘नॉन-ईसीसी अनबफर्ड’ हा प्रकार, ज्या मदरबोर्डवर ती चालली पाहिजे त्याचा क्रमांक आणि हमीचा कालावधी एवढ्या बाबी असाव्यात. न चालल्यास बदलून देण्याची अट पुरवठा आदेशातच नमूद करावी. दर दिवसागणिक बदलत असल्याने दरपत्रकाची वैधता किती दिवस आहे, हेही विचारून घ्यावे. खरेदी समितीची बैठक होईपर्यंत ती संपून गेल्यास सारी प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

सर्वांत महत्त्वाची दक्षता म्हणजे संपूर्ण मागणीपूर्वी एक नमुना तपासणे. एक मॉड्यूल घेऊन ते प्रत्यक्ष संगणकात बसवावे, मेमटेस्ट८६+ या मुक्त चाचणी प्रणालीने रात्रभर तपासावे व एकही त्रुटी न आल्यासच उर्वरित नग मागवावेत. एका रात्रीच्या या चाचणीने वीस नगांचा वाद टळतो.

काढलेल्या मॉड्यूलची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करणे आवश्यक आहे. निकामी मॉड्यूल रद्दीत न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपवावीत.

९. बसविताना घ्यावयाची काळजी व नागपूरचे हवामान :

मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्यामुळे धातूचे आवरण असलेली महाग रॅम घ्यावी, असा सल्ला कधी कधी दिला जातो. वस्तुतः डीडीआर३ व डीडीआर४ चिपा त्यांच्या पृष्ठभागाचे तापमान ८५ अंश होईपर्यंत नियमित रीतीने काम करतात. रॅममधील प्रत्येक पेशीतील विद्युतभार हळूहळू गळत असल्याने तो ६४ मिलिसेकंदांत एकदा नव्याने भरावा लागतो. ८५ अंशांच्या वर हे काम दुप्पट वेळा करावे लागते. कॅबिनेटमधील हवा खेळती असेल तर प्रयोगशाळेतील सामान्य कामात मॉड्यूल या मर्यादेच्या बरीच खाली राहतात. त्यामुळे आवरणावर खर्च करण्यापेक्षा कॅबिनेटमधील धूळ काढणे व पंखा चालू असल्याची खात्री करणे अधिक उपयुक्त होय.

उन्हाळी सुटीत प्रयोगशाळा मोकळी असल्याने रॅम बसविण्याचे काम बहुधा त्याच काळात होते. कोरड्या हवेत शरीरावर स्थितिक विद्युत साचते व तिच्या एका ठिणगीने चिप निकामी होऊ शकते. म्हणून वीजपुरवठा बंद करून, वायर काढून, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावल्यानंतरच मॉड्यूल हाती घ्यावे व ते कडेने धरावे. कूलरच्या दमट हवेचा झोत उघड्या कॅबिनेटवर येऊ देऊ नये. ओलावा व धूळ मिळून संपर्कबिंदूंवर थर साचतो. संगणक सुरू होताना वारंवार ‘बीप’ असा आवाज येऊन पडदा कोरा राहिल्यास मॉड्यूल नीट बसले नसण्याची किंवा संपर्कबिंदू मळलेले असण्याची शक्यता प्रथम तपासावी. ते खोडरबराने घासण्याची पद्धत रूढ आहे. परंतु त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो व रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे अधिक सुरक्षित आहे.

निष्कर्ष :

१. रॅम वाढविण्यापूर्वी सर्वाधिक ताणाच्या वेळी वापराचे मोजमाप करावे. डिस्क हा खरा दोष असेल तर रॅमवरील खर्च व्यर्थ ठरतो.

२. मदरबोर्डचा क्रमांक, स्लॉटची संख्या, कमाल क्षमता व कार्यप्रणालीचा प्रकार या चार बाबी माहीत नसताना मागणीपत्र तयार करू नये.

३. अपुरी क्षमता हा मोठा दोष, एकेरी जोडणी हा मध्यम दोष व कमी वेग हा किरकोळ दोष होय. मर्यादित रकमेत याच क्रमाने उपाय करावेत.

४. विंडोज ११ साठी मान्यता नसलेल्या संचांवर अल्प खर्च करून त्यांना योग्य असे काम द्यावे. मान्यता असलेल्या संचांत भविष्यातील वाढीला वाव ठेवून गुंतवणूक करावी.

५. सर्व संगणकांत समान वाढ करण्याचा आग्रह न धरता तुकडीची संख्या व अभ्यासक्रमाची गरज पाहून क्षमतेची वाटणी करावी.

महाविद्यालयाच्या दृष्टीने रॅमची खरेदी ही अंदाजपत्रकातील एक लहानशी बाब असते. परंतु प्रात्यक्षिकाच्या एका तासिकेतील पंधरा मिनिटे संगणक सुरू होण्यातच जात असतील, तर वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे दर तासिकेला पाच तासांचा विद्यार्थीवेळ वाया जातो. हा वेळ कोणत्याही जडसंग्रह नोंदवहीत लिहिला जात नाही. मोजून, पाहून व क्रमाने घेतलेला निर्णय तो वेळ विद्यार्थ्यांना परत मिळवून देऊ शकतो.